मुलांमध्ये रमणारे साने गुरुजी

निकालाचे दिवस आले की लातूर आणि नांदेडच्या चौकाचौकांत गुणवंतांचे फलक झळकतात. दूरदूरच्या गावांतून मुले-मुली येथे शिकवणीसाठी येतात, खोली घेऊन नाहीतर वसतिगृहात राहतात. त्यांच्या यशाचे आम्हाला कौतुकच आहे. पण ज्याचे छायाचित्र फलकावर येत नाही, त्याच्याशी मायेचे चार शब्द कोण बोलतो? हा प्रश्न मनात आला की आम्हाला साने गुरुजींची आठवण होते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, कोकणातील पालगड या गावी झाला. घरची गरिबी होती. दापोलीच्या मिशन शाळेत, मग औंधला आणि पुण्याला, कधी अर्धपोटी राहून त्यांनी शिक्षण घेतले. १९१७ मध्ये आई गेली. आईने दिलेली शिकवण मात्र जन्मभर त्यांच्याबरोबर राहिली. कोणत्याही वर्गात न मिळणारे हे पहिले शिक्षण होते.

एम. ए. होऊन १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी उपदेश कमी केला आणि सेवा जास्त केली. मुलांच्या खोल्या झाडाव्यात, अस्ताव्यस्त कपड्यांच्या घड्या घालाव्यात, आजारी मुलाजवळ रात्र काढावी, असा त्यांचा क्रम होता. गुरुजी आपली खोली झाडतात हे पाहून मुले आपोआप नीटनेटकी होऊ लागली. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक रोज स्वतःच्या हाताने लिहीत. त्यात बातम्या, गोष्टी, थोरांची चरित्रे असत. त्यावर परीक्षा नव्हती, गुण नव्हते. तरी मुले ते आवडीने वाचत.

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडून मिठाच्या सत्याग्रहात उडी घेतली. तुरुंगातही त्यांचे शिकणे-शिकवणे थांबले नाही. दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या भाषांचे सोबती भेटले आणि आपण एकमेकांच्या भाषा शिकाव्यात हा ध्यास त्यांना लागला. त्यातूनच पुढे ‘आंतरभारती’ची कल्पना आली. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढले.

१९४१ मध्ये एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची उभारणी केली. गुरुजी या तरुणांचे स्फूर्तिस्थान झाले. संध्याकाळी मैदानावर शाखा भरे. तेथे खेळ, गाणी, गोष्टी आणि चर्चा होत. सुट्टीत शिबिरे आणि श्रमदान असे. सर्व जातिधर्मांची मुले-मुली एकत्र येत. समता हा शब्द पाठ करावा लागत नव्हता. एका पंगतीत जेवताना तो कळत होता. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला, तेव्हा सेवा दलाचे तरुण त्यांच्याबरोबर होते. १ मे १९४७ पासून त्यांनी दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले.

हे संस्कार किती दूर पोहोचले याची खूण आपल्या मराठवाड्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि कित्येक मुले पोरकी झाली. त्या वेळी सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्ग येथे मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे केले. गुरुजींना जाऊन तेव्हा चार दशके उलटली होती.

त्यांच्या आयुष्याचा शेवट मात्र मनाला चटका लावतो. स्वातंत्र्यानंतरचा द्वेष आणि गांधीजींची हत्या यांनी ते खोल दुखावले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. याचा न्याय करणे आपले काम नव्हे. ते परमेश्वराच्या दयेवर सोपवावे. पण इतरांचे अश्रू पुसणारा माणूसही आतून खचू शकतो, हे आपण विसरू नये.

आपल्या युवक मंडळांतही स्पर्धा होतात, ढाली आणि प्रशस्तिपत्रे दिली जातात. ती जरूर द्यावीत. बक्षिसाने हुरूप येतो. ‘श्यामची आई’ चित्रपटालाही पुढे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. परंतु बक्षीस एकालाच मिळते आणि माया सर्वांना देता येते. जो मुलगा सभेत कोपऱ्यात गप्प बसतो, जी मुलगी दोन रविवार दिसली नाही, त्यांची चौकशी करणारे कोणी असेल तरच ते मंडळ खरे.

येत्या रविवारी मिस्सानंतर आपण तासभर थांबू या. शिकवणीसाठी आपल्या गावात आलेल्या मुलांना चहाला बोलवू या. त्यांना गुण विचारण्याआधी एवढेच विचारू या, की बाळा, जेवलास का? घरची आठवण येते का?