नामदार गोखले : आधी अभ्यास, मग भाषण

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली, म्हणून गोपाळरावांना शिकता आले. १८८४ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले आणि पुण्यात शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजातही त्यांनी अध्यापन केले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले.

श्रोत्यांना गदगदा हलवणारी वाणी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांचे सामर्थ्य तयारीत होते आणि ती तयारी न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली झाली. सरकारी अहवाल मुळातून वाचावेत, आकडे पडताळावेत, मसुदा समाधान होईपर्यंत पुन्हा लिहावा, अशी ती कठोर शिस्त होती. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देताना तिची कसोटी लागली. सोलापूरचे शिक्षक व अर्थशास्त्राचे व्यासंगी गणेश व्यंकटेश जोशी यांनी आकडेवारी जुळवून देण्यास साहाय्य केले होते. जाणत्या सभासदांच्या उलटतपासणीला तिशीतील या प्राध्यापकाने शांतपणे तोंड दिले.

त्याच मुक्कामात मात्र त्यांना जन्माचा धडा मिळाला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांनी अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून इंग्लंडमध्ये जाहीरपणे केला. मायदेशी परतल्यावर तो सिद्ध करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनीही त्यांना दूषणे दिली. एखादा दुसरा वक्ता त्यानंतर मौन धरता. गोखले पुन्हा अहवालांकडे वळले.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखालील कायदेमंडळात, त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. खजिन्यातील शिल्लक पाहून सरकार समाधानी होते. रुपयाचा भाव घसरला असताना वाढवलेले कर भाव सावरल्यावरही तसेच राहिले. म्हणून ही शिल्लक रयतेच्या सुबत्तेची खूण ठरत नाही, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. मिठावरील कर उतरवावा, ही त्यांची आग्रहाची मागणी होती. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर उतरला.

प्रत्येक वाद त्यांनी जिंकला असे नाही. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी १९११ मध्ये विधेयक मांडले. खर्च किती येईल, तो कोणी सोसावा, सक्ती कोठे लागू करावी, या साऱ्या आक्षेपांचा विचार त्यात आधीच केलेला होता. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. हा पराभव त्यांनी कटुता न धरता स्वीकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये संसदेने संमत केला. वादविवाद स्पर्धेतून रिकाम्या हाताने परतणाऱ्या विद्यार्थ्याने ही तारीख ध्यानात ठेवावी. मतदानात हरलेला मुद्दा अभ्यासावर उभा असेल, तर तो सत्त्याण्णव वर्षांनीही उपयोगी पडतो.