काचेवरचा हिंदुस्थान : राजा दीनदयाळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्रण हे हौसेइतकेच कष्टाचे काम होते. वजनदार लाकडी कॅमेरा, तिपाई, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि काळोखासाठी तंबू, एवढे बिऱ्हाड घेऊन छायाचित्रकाराला हिंडावे लागे. काचेवर कलोडियनचा थर चढवायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी ते धुवायचे, अशी ती पद्धत होती. त्या काळात ज्या भारतीयाने या कलेत युरोपीय छायाचित्रकारांच्या बरोबरीने नाव मिळवले, ते म्हणजे लाला दीनदयाळ.

मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात १८४४ मध्ये त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते १८६६ मध्ये होळकरांच्या इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात रुजू झाले. इमारतींची मापे घ्यायची, नकाशे काढायचे, खर्चाचा अंदाज बांधायचा, हे त्यांचे रोजचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले.

डेलींनंतर आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२-८३ मध्ये त्यांनी मध्य भारताचा दौरा केला. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची मंदिरे, सांचीचा स्तूप, ओरछा आणि दतियाचे राजवाडे त्यांनी काचेवर उतरवले. ही चित्रे १८८६ मध्ये ग्रिफिन यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्यांत नकाशे काढणाऱ्याची शिस्त दिसते. इमारतीचा तोल, कमानींची लय, भिंतींवर पडलेली सावली, सारे नेमके आहे. ढासळलेले दगड आणि माजलेले रानही त्यांनी वगळले नाही. त्यामुळे या वास्तू त्या काळी कोणत्या अवस्थेत होत्या, याचा तो पुरावाच ठरला.

पुढे नोकरी सोडून ते निजामाच्या राज्यात गेले. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमून राजा हा किताब दिला. व्हाइसरॉय आणि व्हिक्टोरिया राणी यांच्याकडूनही त्यांना मान मिळाला. १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला. तेथील कारभार एका इंग्रज बाईंकडे होता. घराबाहेर ज्यांचा चेहरा कोणी पाहत नसे, त्या स्त्रियांनाही आता आपली आठवण मागे ठेवता आली. १८९६ मध्ये मुंबईतही त्यांचा स्टुडिओ सुरू झाला.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते एवढ्यावर संपत नाही. औरंगाबाद परिसर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. वेरूळचे कैलास लेणे त्यांनी टिपले आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याच भागातील भुकेने खंगलेली माणसेही टिपली. दरबारचे झगमगते सोहळे आणि बरगड्या मोजता येतील अशी ही शरीरे, दोन्ही एकाच छायाचित्रसंस्थेच्या काचांवर उमटली. दुष्काळाची चित्रे सरकारी मदतकार्याची नोंद म्हणून काढली गेली होती. मात्र आज ती पाहताना नजर मदतीवर न थांबता त्या माणसांच्या डोळ्यांवर खिळते. राजेरजवाड्यांची नावे चित्रांखाली आहेत. या माणसांची नावे कोणी लिहिली नाहीत. तरीही ती पुसली गेली नाहीत, हे या कामाचे मोल.

१९०५ मध्ये दीनदयाळ यांचे निधन झाले. त्यांच्या २,८०० हून अधिक काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवून जतन केल्या. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या दरबारांनी त्यांना किताब दिले, ते दरबार इतिहासजमा झाले. त्यांची आठवण मात्र, हाताळताना सहज फुटाव्यात अशा त्या काचांनी जपली आहे.