निर्भय नादिया

बोलपटांच्या आरंभीच्या काळात आपल्या देशात एका विशिष्ट जातीचे चित्रपट पुष्कळ निघत. त्यांत राजे, कपटी वजीर, मंतरलेल्या वस्तू आणि तलवारींचा खणखणाट असे. खर्च बेताचा असल्याने राजवाड्याच्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर ताणलेल्या रंगीत कापडाच्या असत, आणि हे चाणाक्ष प्रेक्षकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नसे. सुशिक्षित मंडळी अशा खेळांना नाके मुरडीत. तथापि ज्यांनी ते लहानपणी पाहिले, त्यांपैकी आज नव्वदीच्या घरात पोहोचलेल्या वृद्धांचे डोळेही त्या आठवणीने चमकतात. एवढा जिव्हाळा कापडी भिंतींना का लाभावा? ह्या प्रश्नाचे उत्तर एका स्त्रीच्या चरित्रात सापडते. तिला सारा देश ‘निर्भय नादिया’ ह्या नावाने ओळखत असे.

नादियाचे मूळ नाव मेरी ॲन इव्हान्स. तिचा जन्म 8 जानेवारी 1908 रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी झाला. पिता स्कॉटिश, तर माता ग्रीक वंशाची होती. पिता ब्रिटिश सैन्यात असल्याने मेरी पाच वर्षांची असताना हे कुटुंब मुंबईस आले. परंतु पहिल्या महायुद्धात, 1915 साली, पित्यास वीरमरण आले आणि मायलेकींवरचे छत्र हरपले. पुढे काही वर्षे पेशावरकडे वास्तव्य घडले. तेथील डोंगराळ मुलुखात घोड्यावर मांड ठोकणे, नेम धरणे, शिकारीमागे हिंडणे ह्या गोष्टी मेरी सहज शिकली. त्या वेळी तो केवळ छंद होता. पुढे तेच तिच्या उपजीविकेचे साधन होईल, असे कोणास वाटले असेल?

मुंबईस परतल्यावर पोटापाण्याची विवंचना उभी राहिली. मेरीने प्रथम एका मोठ्या दुकानात विक्रेतीचे काम केले. नंतर ॲस्ट्रोवा नामक रशियन नर्तकीच्या मंडळीत ती नृत्य शिकली आणि छावण्यांतून व संस्थानांतून खेळ करीत फिरली. एका आर्मेनियन ज्योतिषिणीच्या सल्ल्यावरून तिने ‘न’ अक्षराने आरंभ होणारे नवे नाव धारण केले, तेच ‘नादिया’. काही काळ तिने सर्कशीतही काम केले. अशा रीतीने तोल, चपळाई आणि धैर्य ही तिची शिदोरी हळूहळू जमत गेली.

त्या सुमारास मुंबईत परळ येथे जमशेद आणि होमी ह्या वाडिया बंधूंची ‘वाडिया मूव्हिटोन’ ही संस्था नुकतीच उभी राहिली होती. तिचा पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’ हा 1933 साली निघाला. जवळ बाळगणारा अदृश्य होतो अशा मंतरलेल्या खंजिराची त्यात कथा होती. अशा कथांना लागणारी जादू त्या काळी हातानेच घडवावी लागे. बाबूभाई मिस्त्री ह्या कारागिराने 1937 च्या ‘ख्वाब की दुनिया’ ह्या चित्रपटात काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून त्या आपोआप चालतात असा भास निर्माण केला आणि ‘काला धागा’ हेच टोपणनाव मिळविले.

नादियाबाईंना वाडियांनी आरंभी लहानशाच भूमिका दिल्या. ‘नूर-ए-यमन’मध्ये त्या राजकन्या झाल्या. त्यांचे केस सोनेरी, डोळे निळे आणि हिंदी अडखळते. तेव्हा नाव बदलून ‘नंदादेवी’ करावे व काळा केशसंभार चढवावा, अशी सूचना पुढे आली. परंतु बाईंनी ती साफ नाकारली. आपण जशा आहोत तशाच लोकांपुढे जाण्याचा त्यांचा निश्चय होता.

1935 साली ‘हंटरवाली’ तयार झाला. वजिराने राजास बंदिवान केल्यावर राजकन्या माधुरी तोंडावर बुरखा बांधून, हातात चाबूक घेऊन गोरगरिबांच्या रक्षणास निघते, असे त्याचे कथानक. हा विचित्र खेळ विकत घेण्यास कोणी वितरक धजेना, तेव्हा वाडियांना भागीदारांसह तो स्वतःच प्रदर्शित करावा लागला. आणि आश्चर्य असे की, मुंबईच्या ग्रँट रोडवर लोकांच्या झुंडी लोटल्या! हंटरवालीच्या नावाचे पट्टे आणि चाबूक बाजारात विकू लागले. परकीय सत्तेखाली दबलेल्या लोकांना जुलमी वजिराच्या पाठीवर बसणारा तो चाबूक फार गोड वाटला, ह्यात नवल ते काय?

ह्यानंतर 1936 च्या ‘मिस फ्राँटियर मेल’मध्ये नादियाबाई आगगाडीच्या टपावर झुंजल्या व धिप्पाड पुरुषांना त्यांनी डोक्यावर उचलले, ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये त्या सिंहांसमवेत वावरल्या. आपली साहसकृत्ये त्या स्वतः करीत. आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. राजवाडा कापडी होता, जादू दोऱ्याची होती, पण उडी खरी होती. पडद्यावरील बाकीचे सारे लटके आहे हे मुलांनाही कळे; म्हणूनच त्यातला तो एक खरेपणा त्यांच्या मनात कायमचा घर करून राहिला.

परंतु ह्या यशातही एक काटा होता. थोरले बंधू जमशेद विद्वान गृहस्थ. त्यांना गंभीर कलाकृतींची ओढ लागली. धाकटे होमी मात्र साहसपटांवरच विश्वास ठेवून होते. 1942 मध्ये बंधूंचे मार्ग वेगळे झाले. परळच्या त्याच जागेत व्ही. शांताराम ह्यांचे ‘राजकमल कलामंदिर’ उभे राहिले, आणि होमींनी ‘बसंत पिक्चर्स’ काढले. ज्या कामास लोक हलके म्हणत, त्यावर नादियाबाईंचेही भवितव्य आता टांगलेले होते. 1943 साली ‘हंटरवाली की बेटी’ आला आणि प्रेक्षकांनी पुन्हा गर्दी करून कौल दिला. ह्या संस्थेने पुढे ‘अलादीन’ व ‘हातिमताई’ ह्यांसारख्या जादूच्या कथा पडद्यावर आणल्या, आणि नादियाबाईही 1956 च्या ‘बगदाद का जादू’त झळकल्या.

जी स्त्री पडद्यावर क्षणात शत्रूस लोळवी, तिला घरगुती सुखासाठी मात्र दीर्घकाळ थांबावे लागले. होमींच्या मातोश्रींचा ह्या संबंधास विरोध होता. उभयतांनी त्यांचे मन दुखविले नाही. त्यांच्या पश्चात 1961 साली विवाह झाला, तेव्हा नादियाबाई 53 वर्षांच्या होत्या. हे धैर्य उडी मारण्याच्या धैर्याहून निराळे, पण कमी खचित नव्हे.

1968 च्या ‘खिलाडी’नंतर त्या पडद्याआड गेल्या. तरी त्यांचा विसर पडला नाही. नाटककार गिरीश कर्नाड ह्यांनी 1980 मध्ये बाळपणीच्या ह्या दैवताविषयी कृतज्ञतेने लेख लिहिला. 1993 मध्ये जमशेदजींचे नातू रियाद ह्यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. 9 जानेवारी 1996 रोजी, 88 वा वाढदिवस उलटल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबईत त्यांनी देह ठेवला.

विद्यार्थीमित्रांनो, त्या उड्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही; त्यांच्यामागे वर्षांचा अभ्यास होता. घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. आपल्या वाट्यास येणारे काम पुष्कळदा साधे असेल, साधने तुटपुंजी असतील आणि चार लोक हसतीलही. अशा कामातही आपल्या हातचा भाग नादियाबाईंनी कधी खोटा केला नाही. म्हणूनच रंगीत कापडाच्या त्या भिंती केव्हाच पडल्या, तरी त्यांच्यापुढे चाबूक उगारून उभी राहिलेली ती मूर्ती अद्याप लोकांच्या डोळ्यांपुढून हललेली नाही.