बुद्धगयेचे मुक्तिदूत : अनागारिक धम्मपाल

श्रीलंकेत १८६४ साली जन्मलेले अनागारिक धम्मपाल २२ जानेवारी १८९१ रोजी बुद्धगयेस पोहोचले. संबोधीची ती पावन भूमी शैव महंतांच्या ताब्यात होती. महाविहाराची उपेक्षा पाहून व्यथित झालेल्या धम्मपालांनी तिच्या मुक्तीचा संकल्प केला व त्याच वर्षी महाबोधी सोसायटी स्थापिली. १८९५ मध्ये त्यांनी विहारात ठेवलेली जपानी बुद्धमूर्ती महंतांच्या माणसांनी हलविली. खटला कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे निकाल विरोधात लागला. तरीही ते खचले नाहीत. १९३१ मध्ये सारनाथला मूलगंधकुटी विहार उभा राहिला. १९३३ मध्ये तेथेच, भिक्षू म्हणून, त्यांनी देह ठेवला. १९४९ च्या कायद्याने बुद्धगयेच्या व्यवस्थापनात बौद्धांना स्थान मिळाले, परंतु पूर्ण अधिकार नव्हे. बोधिवृक्षास वंदन करताना हे अपुरे कार्य आपण विसरू नये.