बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड : हॉपची वेल आणि संयमाचे माप

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांचे स्मरण करते. दैवी दर्शने लाभलेल्या संत, भक्तिगीतांना चाली देणाऱ्या संगीतकार आणि सम्राटालाही चार शब्द सुनावणाऱ्या मठमाता अशी त्यांची ओळख आपल्या भाविकांना थोडीफार असते. त्यांच्या कार्याचा एक पैलू मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. बिअरला कडवट चव देणारी हॉप नावाची वेल पेयाला नासू देत नाही, ही गोष्ट लिहून ठेवणाऱ्या सर्वांत जुन्या लेखकांमध्ये या धर्मभगिनीची गणना होते.

आज हा पैलू सांगावासा वाटला, त्याला कारण आहे. २००९ साली पुण्यात डुलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि त्यानंतर शहरात अशा अनेक ब्रुअरी उभ्या राहिल्या. बिअरचे निरनिराळे प्रकार चाखण्याच्या बैठका, ती कशी तयार होते हे समजावणारे वर्ग, घरच्या कुंडीत हॉपची वेल लावण्याची हौस हे सारे आता शहराच्या अंगवळणी पडले आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून एसटीने येऊन स्वारगेटला उतरणारी आपली मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी याच शहरात राहतात आणि मित्रमंडळींकडून अशी आमंत्रणे त्यांनाही येतात. दुसरीकडे, दारूने उद्ध्वस्त झालेले एखादे तरी घर ज्याने पाहिलेले नाही, असा भाविक सापडणे कठीण. त्यामुळे या विषयावर घरात बोलणे निघाले की एकीकडे हसण्यावारी नेले जाते, नाहीतर दुसरीकडे संताप होतो. या दोन्ही टोकांच्या मध्ये उभे राहून शांतपणे विचार करायला शिकवणाऱ्या एका संताचे चरित्र म्हणून आम्ही हिल्डेगार्ड यांच्याकडे पाहतो.

मठातील बालपण

हिल्डेगार्ड यांचा जन्म १०९८ साली जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या प्रदेशात एका सरदार घराण्यात झाला. वडिलांचे नाव हिल्डेबर्ट आणि आईचे मेख्टिल्ड. परंपरेनुसार त्या दहावे अपत्य होत्या. पिकाचा दहावा हिस्सा देवाला अर्पण करावा, तसे आईवडिलांनी आपले दहावे मूल देवाला वाहिले, असे सांगितले जाते. प्रकृती पहिल्यापासून तोळामासा होती. अगदी लहान वयापासून त्यांना एका विलक्षण प्रकाशाचे दर्शन होत असे, पण त्याविषयी त्या सहसा कोणाजवळ बोलत नसत.

१ नोव्हेंबर १११२ रोजी, सकल संतांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी डिसिबोडेनबर्ग येथील बेनेडिक्टाइन मठाला लागून असलेल्या एका बंदिस्त निवासात प्रवेश केला. त्यांच्या गुरू होत्या युट्टा, वयाने त्यांच्याहून थोड्याच मोठ्या. त्यांच्याकडून हिल्डेगार्ड स्तोत्रे वाचायला आणि गायला शिकल्या. हळूहळू आणखी मुली येत गेल्या आणि त्या निवासाचे लहानसे मठात रूपांतर झाले. ११३६ साली युट्टा निवर्तल्या, तेव्हा भगिनींनी हिल्डेगार्ड यांना आपली प्रमुख म्हणून निवडले.

या मठाचे जीवन संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीनुसार चाले. प्रार्थना आणि हातांचे श्रम हे तिचे दोन आधारस्तंभ. पिण्याविषयीही तिच्यात एक प्रकरण आहे. द्राक्षारसाचे रोजचे ठरावीक माप त्यात सांगितले आहे. आजारपण, कष्ट किंवा उन्हाळा असेल, तर ते वाढवण्याचा अधिकार मठप्रमुखाला दिला आहे, मात्र कोणीही नशेपर्यंत जाता कामा नये, अशी ताकीदही आहे. ज्यांना पूर्ण वर्ज्य करण्याचे बळ देवाने दिले आहे, त्यांना विशेष प्रतिफळ मिळेल, असे आश्वासनही तेथेच आहे. युरोपच्या ज्या भागांत द्राक्षे पिकत नसत, तेथील मठांत द्राक्षारसाची जागा बिअरने घेतली. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तसे तेथे सातूला मोड आणून, तो वाळवून भरडत, गरम पाण्यात त्याचा गोड अर्क काढत आणि तो उकळून आंबवत. मठवासीयांच्या दृष्टीने ते रोजच्या अन्नाचाच एक भाग होते.

लेखणी हाती घेतली

११४१ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, जे दिसते ते लिहून काढण्याची आज्ञा आपल्याला झाली आहे, असे हिल्डेगार्ड यांना तीव्रतेने जाणवले. एका स्त्रीने देवाविषयी लिहावे की नाही, या संकोचाने त्या आजारी पडल्या. अखेर फोल्मार या मठवासी धर्मगुरूंच्या मदतीने त्यांनी ‘स्किव्हियास’ हा ग्रंथ लिहायला घेतला. तो पुरा व्हायला दहा वर्षे लागली. दरम्यान ११४७-४८ साली ट्रीअर येथील धर्मसभेच्या वेळी पोप युजीन तिसरे यांच्यासमोर त्याचा काही भाग ठेवण्यात आला आणि त्यांनी लेखन पुढे चालू ठेवण्यास संमती दिली.

कीर्ती वाढली तशी मठात दाटी झाली. ऱ्हाइन आणि नाहे या नद्यांच्या संगमावर, बिंगेनजवळ रुपर्ट्सबर्ग येथे स्वतंत्र मठ उभारण्याचे हिल्डेगार्ड यांनी ठरवले. मठाधिपती कुनो यांनी विरोध केला, कारण त्यांच्या जाण्याने मठाची प्रतिष्ठा आणि उत्पन्न दोन्ही कमी होणार होते. हिल्डेगार्ड अंथरुणाला खिळल्या, इतक्या की त्यांना हलवणेही शक्य होईना. मठाधिपतींनी ते स्वतः पाहिले आणि विरोध मागे घेतला. ११५० च्या सुमारास वीसेक भगिनींना घेऊन त्या रुपर्ट्सबर्गला आल्या. सुरुवातीची वर्षे ओढगस्तीची गेली. सरदार घराण्यांत वाढलेल्या काही भगिनी त्या हालअपेष्टांना कंटाळून निघूनही गेल्या.

वनस्पतींच्या ग्रंथातील हॉप

याच काळात, ११५१ ते ११५८ च्या दरम्यान, त्यांनी सृष्टीतील पदार्थ आणि औषधे यांविषयी लेखन केले. ‘फिजिका’ या नावाने ते ओळखले जाते. त्याचे नऊ भाग आहेत. वनस्पती, मूलद्रव्ये, वृक्ष, रत्ने, मासे, पक्षी, प्राणी, सरपटणारे जीव आणि धातू अशी त्यांची विभागणी आहे. एकट्या वनस्पतींवर दोनशेहून अधिक लहान लहान प्रकरणे आहेत. आजीबाईच्या बटव्यातील ज्ञान, मठाच्या बागेतील अनुभव आणि जुन्या ग्रंथांतील विद्या यांचा तेथे मिलाफ झालेला दिसतो.

त्यातील एक प्रकरण हॉपवर आहे. हिल्डेगार्ड यांच्या मते ही वेल उष्ण व कोरड्या प्रकृतीची आहे. माणसाला ती फारशी हितकारक नाही. ती मनातील उदासी वाढवते आणि पोट जड करते. मात्र तिच्या कडवटपणात असा गुण आहे की ती पेयात घातली असता नासण्याची क्रिया थांबते आणि पेय पुष्कळ दिवस टिकते. अ‍ॅश या वृक्षाच्या प्रकरणात त्यांनी हॉपविना ओटची बिअर कशी करावी हेही सांगितले आहे. त्यासाठी त्या वृक्षाची पाने भरपूर घालून अर्क उकळावा, असा त्यांचा सल्ला आहे. अन्यत्र, धान्याच्या सत्त्वामुळे बिअरने अंग भरते आणि चेहऱ्यावर तेज येते, असेही त्यांनी नोंदवले आहे.

हॉपचा उपयोग हिल्डेगार्ड यांच्या आधीही होत होता. फ्रान्समधील कॉर्बी मठाचे प्रमुख आडालहार्ड यांच्या ८२२ सालच्या नियमांत हॉप गोळा करण्याचा उल्लेख येतो. तरीही पुष्कळ ठिकाणी बिअरमध्ये निरनिराळ्या रानवनस्पतींचे मिश्रण घातले जाई. ते मागे पडून हॉपने त्याची जागा घ्यायला पुढे काही शतके लागली. बव्हेरियात १५१६ साली तर बिअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी याखेरीज काही असू नये, असा हुकूमच निघाला.

हिल्डेगार्ड यांच्या निरीक्षणामागील कारण आज विज्ञानाने उलगडले आहे. हॉपच्या मादी वेलीला हिरव्या, खवल्याखवल्यांची बोंडे येतात. त्या खवल्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी असते. तिच्यातील आम्ले उकळल्यावर कडू होतात आणि दूध विरजवणाऱ्या जिवाणूंच्या नात्यातील जिवाणूंची वाढ रोखतात. साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणाऱ्या यीस्टला मात्र त्यांचा फारसा त्रास होत नाही. म्हणून पेय आंबते, पण आंबट होऊन नासत नाही. हे यीस्ट एक सजीव आहे आणि आंबण्याची क्रिया त्याच्यामुळे घडते, हे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. हिल्डेगार्ड यांच्या हाती सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांनी पिंपात काय होते ते पाहिले आणि प्रामाणिकपणे लिहिले.

ही वेल ज्यांना लावावीशी वाटते, त्यांच्यासाठी थोडी माहिती. हॉप भांगेच्या कुळातील आहे. एकदा लावलेला कंद कित्येक वर्षे जगतो आणि दर वसंतात नवे कोंब फुटून वेल आधाराभोवती पाच-सहा मीटर उंच चढते. जर्मनीत बोंडांची तोडणी ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे या संतांच्या सणाच्या सुमारासच चालते. फुलोऱ्यासाठी तिला थंड हिवाळा आणि उन्हाळ्यातील लांब दिवस लागतात. बिंगेनचा सर्वांत मोठा दिवस सोळा तासांहून अधिक असतो, तर पुण्याचा जेमतेम सव्वातेरा तासांचा. म्हणून स्वारगेटच्या एखाद्या गच्चीवर वेल वाढली, तरी बोंडांची फारशी आशा धरू नये. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात हॉपची लागवड झालेली आहे. इतरत्र हॉप वाळवून, दाबून, गोळ्यांच्या रूपात येतो.

मापाची शिकवण

आम्हांस विशेष वाटते ते हे की हिल्डेगार्ड यांनी हॉपचा गुण आणि दोष एकाच प्रकरणात मांडले. त्यांनी त्या वेलीची भलामण केली नाही आणि तिला शापही दिला नाही. सृष्टीतील प्रत्येक वस्तूत देवाने एक हिरवे चैतन्य ओतले आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. तरीही प्रत्येक वस्तू प्रत्येकाला मानवतेच असे नाही, हेही त्यांना ठाऊक होते. विवेकयुक्त संयमाला त्या साऱ्या सद्गुणांची माता मानत. अतिरेकी पिणे जसे त्यांना अमान्य होते, तसाच शरीर मोडून टाकणारा अतिरेकी उपवासही.

या संयमात भित्रेपणा मुळीच नव्हता. साठी गाठत असताना त्यांनी प्रवचनासाठी प्रवास सुरू केले आणि धर्मगुरूंच्या ढिलाईवर उघड टीका केली. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा यांच्यासह राजे, बिशप आणि सामान्य जन यांना लिहिलेली त्यांची सुमारे चारशे पत्रे उपलब्ध आहेत. ११६५ साली त्यांनी ऱ्हाइनच्या पलीकडच्या तीरावर आयबिंगेन येथे दुसरा मठ स्थापन केला.

सर्वांत कठीण परीक्षा अखेरीस आली. ११७८ साली एका सरदाराला रुपर्ट्सबर्गच्या दफनभूमीत मूठमाती देण्यात आली. तो पूर्वी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत झालेला होता, म्हणून त्याचा मृतदेह उकरून बाहेर काढावा, असा आदेश माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी दिला. मृत्यूपूर्वी त्याचा समेट झाला होता, हे हिल्डेगार्ड यांना माहीत होते. त्यांनी नकार दिला. परिणामी मठावर बंदी आली. मिस्सा थांबली, गायन थांबले. ज्यांनी सत्तरहून अधिक भक्तिगीते रचली, त्यांच्याच मठात प्रार्थना दबक्या आवाजात होऊ लागल्या. त्यांनी बंदी पाळली, पण देह उकरू दिला नाही, आणि पत्रांद्वारे आपली बाजू मांडत राहिल्या. ११७९ साली बंदी उठली. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

१६३२ साली युद्धात रुपर्ट्सबर्गचा मठ नष्ट झाला. त्यांचे अवशेष आयबिंगेनच्या चर्चमध्ये जतन केलेले आहेत. त्याच परिसरात १९०४ साली उभ्या राहिलेल्या मठातील धर्मभगिनी आजही द्राक्षमळा राखतात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१२ साली मे महिन्यात हिल्डेगार्ड यांची संतमालिकेत नोंद केली आणि ७ ऑक्टोबर रोजी त्यांना ‘डॉक्टर ऑफ द चर्च’ म्हणजे ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून घोषित केले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांचा स्मृतिदिन जगभरच्या ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत समाविष्ट केला.

आपल्यासाठी

बिअर चाखण्याच्या बैठकीचे आमंत्रण आलेल्या तरुणाला हिल्डेगार्ड काय सांगतील, याचा आम्ही विचार करतो. प्रथम त्या वस्तू नीट जाणून घ्यायला सांगतील, तिचे गुण आणि दोष दोन्ही. मग नियमाकडे बोट दाखवतील. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे आणि बिअर पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. आणि शेवटी त्या माप विचारतील. ज्याला एका पेल्यावर थांबता येत नाही, त्याच्यासाठी शून्य हेच योग्य माप आहे आणि त्यात कमीपणा नाही. संत बेनेडिक्ट यांनी तर त्याला देवाचे दानच मानले.

ज्या घरात हे माप केव्हाच ओलांडले गेले आहे, त्यांनी लाजेपोटी दार लावून बसू नये. पुण्यात १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे गट आहेत, आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरू आहेत. शेजारच्या घरातील असे दुःख आपल्याला ठाऊक असेल, तर त्याची कुजबुज करण्याऐवजी त्या माऊलीबरोबर एकदा केंद्रापर्यंत जाण्याची तयारी आपण दाखवावी. आजाऱ्यांची शुश्रूषा करताना औषधींचा ग्रंथ लिहिणाऱ्या या संतांचा सण साजरा करण्याची याहून चांगली रीत आम्हांस सुचत नाही.

बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड, आम्हांसाठी विनंती करा.