स्थापत्य-उद्योगाचे अध्वर्यू शेठ वालचंद हिराचंद

व्यापार हा जैन समाजाचा पिढीजात व्यवसाय. धाड, चिखली, मलकापूर, खामगाव या आपल्या टापूत कापूस, धान्य, किराणा, कापड व सराफी या धंद्यांत समाजाच्या अनेक पिढ्या स्थिरावल्या. या सर्व धंद्यांत माल डोळ्यांसमोर असतो. तो पारखावा, भाव करावा, तोलून घ्यावा. परंतु एक व्यवसाय असा आहे की जी वस्तू अद्याप अस्तित्वातच नाही, तिचा भाव आधी लिहून द्यावा लागतो आणि नंतर ती वस्तू त्याच भावात व ठरल्या मुदतीत उभी करावी लागते. हा व्यवसाय म्हणजे मोठ्या बांधकामांची कंत्राटदारी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बहुतेक मोठी कंत्राटे इंग्रज कंपन्यांकडे जात. त्या क्षेत्रात सोलापूरच्या एका जैन व्यापारी घराण्यातील तरुणाने पाऊल टाकले, ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. मूळचे सौराष्ट्रातील हे दिगंबर जैन घराणे व्यापारानिमित्त महाराष्ट्रात आले व येथेच रुजले. जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातृछत्र हरपले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे सावकारी व कापसाचा व्यापार सांभाळून समाजकार्यात अग्रभागी असत. ‘जैन बोधक’ या मराठी मासिकाचे ते संस्थापक होत. वालचंदांनी सोलापुरात मॅट्रिकपर्यंत व पुढे मुंबई-पुण्यास शिक्षण घेतले, परंतु पदवी पूर्ण न करताच ते घरच्या पेढीवर परतले. पेढीच्या कामात मात्र त्यांचे मन रमले नाही. व्यापारात हात घातला, त्यात नुकसानही सोसले.

अशा वेळी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांची गाठ पडली. फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. कंत्राटाची रीत, मोजमापे, साहेब लोकांचा पत्रव्यवहार हे सारे त्यांना अवगत होते. नव्हते ते भांडवल. वालचंदांकडे घराण्याची पत होती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या सुमारे सात मैलांच्या विस्ताराचे काम घेतले. आजच्या मानाने हे काम किरकोळ वाटेल. पण नवशिक्या कंत्राटदाराची खरी परीक्षा अशाच कामात होते. मातीचा दर धरून काम घ्यावे आणि हातभर खोल खणताच मुरूम व त्याखाली काळा पाषाण लागावा, की नफा त्या खड्ड्यातच पुरला जातो. भरावाची माती किती अंतरावरून आणावयाची, पाट्या-फावड्यांवर किती माणसे लावावयाची, पावसाळ्यापूर्वी कोणता भाग पुरा झालाच पाहिजे, मजुरांचा आठवड्याचा पगार कोठून द्यावयाचा, या सर्वांचा मेळ घालावा लागतो. बिलाची रक्कम महिन्यांनी हाती येते. मजूर मात्र आठवड्याला दाराशी उभा असतो. पेढीवर वाढलेल्या माणसाला पैशाच्या या फिरत्या चक्राचे मर्म उपजतच कळत होते. इंजिनिअर नसलेल्या वालचंदांचे बळ येथेच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे १९२० मध्ये टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली आणि कामांचे स्वरूपच पालटले. मुंबईकरांची तहान भागविणाऱ्या तानसा तलावापासून शहरापर्यंत प्रचंड नळ टाकण्याचे काम वालचंदांच्या हातून झाले. दुसरे काम बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे. आपल्याकडील मंडळी मलकापूरहून मुंबईस जाताना कसाऱ्याचा थळ घाट उतरतात. पुण्याकडची गाडी बोरघाटाने उतरते. या घाटात पूर्वी एक उलटे स्थानक होते. तेथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकास जोडावे लागे आणि मगच पुढचा प्रवास होई. ही अडचण दूर करण्यासाठी सह्याद्रीचा कडा फोडून नवा मार्ग काढण्यात आला आणि १९२९ च्या सुमारास जुने स्थानक वगळून गाड्या धावू लागल्या. घाटात पाऊस कोसळू लागला की उघड्यावरचे काम थंडावते, बोगद्यात पाणी झिरपते. सुरुंग, खडी, चुना-सिमेंट सारे चढणीवर पोहोचवावे लागते. एका सामानाची गाडी चुकली तर शेकडो माणसे रिकामी बसतात व खर्च मात्र चालूच राहतो.

सिंधू नदीवरील कालाबागचा पूल हे त्याहून दूरचे काम, आता पाकिस्तानात असलेल्या प्रदेशातील. तेथे उन्हाळ्यात हिमालयातील बर्फ वितळून नदीस पूर येतो. म्हणून पायाचे काम हिवाळ्यातील उतरत्या पाण्यात उरकावे लागते. मुंबईत बसलेल्या कंपनीने हजार मैलांपलीकडे माणसे व यंत्रे नेऊन, नदीच्या पंचांगानुसार आपले वेळापत्रक बसवावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. १९३१ मध्ये हा पूल तयार झाला.

दरम्यान २७ जानेवारी १९२६ रोजी स्थापन झालेली त्यांची कंपनी पुढे हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी या नावाने विख्यात झाली. १९३५ मध्ये टाटांचा हिस्सा वालचंदांनी घेतला व जुन्या कंपनीस प्रीमियर कन्स्ट्रक्शन हे नाव मिळाले. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर त्यांनी शेती, साखर कारखाना, घरे, शाळा, रस्ते असे संपूर्ण गावच वसविले. ते आजचे वालचंदनगर.

जहाज-व्यवसायाचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला. पण जहाजे विकत घेऊन चालविणे वेगळे आणि बांधणे वेगळे. गोदीसाठी कलकत्त्याचा विचार झाला, तो जमला नाही. शेवटी विशाखापट्टणमची निवड झाली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. वर्षही उलटले नाही तोच, ६ एप्रिल १९४२ रोजी, जपानी विमानांनी त्या बंदरावर बॉम्ब टाकले. काम खंडित झाले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा नेटाने हाती घेण्यात आले आणि १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. बंगळूरचा विमान-कारखाना डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने स्थापन झाला होता. तो १९४२ मध्ये सरकारने आपल्या ताब्यात घेतला. गोदीतील बहुतांश भागही १९५२ मध्ये सरकारकडे गेला. ज्यांची पायाभरणी करण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, ती दोन्ही कामे अशी त्यांच्या हयातीतच हातून निसटली.

एका कामाचा चुना सुकण्यापूर्वी दुसऱ्याचा पाया खणण्याचा त्यांचा स्वभाव होता. त्यामुळे पैशाची ओढाताण कायम राही. सावध व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा दोषच. तथापि त्या काळी परकीय सरकारच्या मर्जीने आज मिळालेली संधी उद्या राहीलच याची शाश्वती नव्हती, हेही विसरता येत नाही.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी ते कारभारातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पश्चात हिंदुस्तान कन्स्ट्रक्शनने कोयनेचे धरण बांधले आणि २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतूही याच कंपनीने उभारला. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ मध्ये वालचंदांचे नाव देण्यात आले. ज्या कंत्राटदाराने स्वतः पदवी घेतली नाही, त्याच्या नावाच्या या संस्थेतून स्थापत्य अभियंत्यांच्या अनेक पिढ्या शिकून बाहेर पडल्या आहेत.