दोन हजारांचा बर्टल्स, दहा लाखांचा फ्रान्सिस

इंग्लंडमधला नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा क्लब २०२२ मध्ये २३ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतला आणि त्याच उन्हाळ्यात त्याने वीसहून जास्त नवे खेळाडू आणले. गोव्यात आणि बेळगावात रात्री जागून मॅच बघणाऱ्या पोरांना संघातली नावं पाठ करता करता नाकी नऊ आले. क्लब टिकला, पण खर्चाची मर्यादा ओलांडली म्हणून मार्च २०२४ मध्ये त्याचे चार गुण कापले गेले.

याच क्लबने त्याआधी ४५ वर्षं, १९७७ मध्ये, अशीच बढती मिळवली होती. त्या हंगामात मोठी खरेदी झाली ती फक्त चौघांची. खर्च सहा लाख पौंडांच्या आत. आणि पहिल्याच वर्षी हा क्लब देशाचा विजेता झाला, पुढच्या दोन वर्षांत दोनदा युरोपचा. ज्याच्या हातात तेव्हा या संघाचा कारभार होता, तो मॅनेजर ब्रायन क्लफ. २० सप्टेंबर २००४ रोजी तो गेला. पण क्लब वर आला की पैसा कुठं घालायचा, हा प्रश्न निघाला की आजही त्याचंच नाव पुढं येतं.

मिडल्सब्रोचा पोरगा

क्लफचा जन्म २१ मार्च १९३५ चा, इंग्लंडच्या ईशान्येकडल्या मिडल्सब्रो या कारखान्यांच्या गावातला. वडील गोळ्या-मिठाईच्या कारखान्यात कामाला, घरात भावंडांचा मोठा गोतावळा. अकराव्या वर्षी जी परीक्षा पास झाली की चांगल्या शाळेत जागा मिळायची, तीत तो नापास झाला. पुढं आयसीआय या रसायन कंपनीत कारकुनी केली, हवाई दलात सक्तीची नोकरी केली आणि मग गावच्याच मिडल्सब्रो क्लबकडून खेळू लागला.

गोल करण्याचं त्याचं गणित अचाट होतं. मिडल्सब्रो आणि संडरलँड या दोन क्लबांकडून लीगच्या २७४ सामन्यांत त्याने २५१ गोल केले. त्यातले जवळपास सगळे दुसऱ्या डिव्हिजनमधले, हे खरं. इंग्लंडकडून त्याला दोनच सामने मिळाले, ही सल त्याला कायम राहिली.

मिडल्सब्रोतच त्याला पीटर टेलर भेटला. टेलर गोलकीपर, वयाने सहा-सात वर्षांनी मोठा. क्लफ राखीव खेळाडूंच्या रांगेत मागे पडला होता, तेव्हा हा पोरगा पुढं जाणार हे टेलरने ओळखलं. टेलरच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी पारख म्हणायची.

२६ डिसेंबर १९६२ रोजी बरीविरुद्धच्या सामन्यात क्लफची गोलकीपरशी टक्कर झाली आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. पुढं परत येण्याची धडपड केली, पण तीन सामन्यांपलीकडं गाडी गेली नाही. एकोणतिसाव्या वर्षी खेळणं संपलं.

फाटक्या खिशाची शाळा

१९६५ मध्ये तिसाव्या वर्षी तो हार्टलपूलचा मॅनेजर झाला. चौथ्या डिव्हिजनच्या तळाशी घुटमळणारा, खिसा रिकामा असलेला क्लब. मदतीला त्याने टेलरला बोलावून घेतलं. क्लफने गावातले पब पालथे घालून क्लबसाठी पैसे गोळा केले, संघाची बस चालवता यावी म्हणून लायसन्सही काढलं. पैसा नसला की माणूस नीट बघून घ्यावा लागतो, हे दोघं तिथं शिकले.

कामाची वाटणी तिथंच ठरली. टेलरने माणूस हेरायचा. क्लफने त्याला आणायचं, घडवायचं आणि त्याच्याकडून काम करून घ्यायचं. टेलर मागे, क्लफ पुढं. टीव्हीसमोर, पत्रकारांसमोर, संचालकांसमोर बोलायचं काम क्लफचं. त्याची जीभ धारदार होती आणि ती म्यान करण्याची सवय त्याला नव्हती.

१९६७ मध्ये दोघं डर्बी काउंटीत आले. क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. ट्रॅनमियरसारख्या छोट्या क्लबातून रॉय मॅकफार्लंड हा तरुण सेंटर बॅक आणला. मग टॉटनहॅमकडून डेव्ह मॅकाय आणला, अवघ्या ५,००० पौंडांत. मॅकाय तेव्हा तिशी ओलांडलेला, पायांची धाव कमी झालेली. क्लफने त्याला मैदानाच्या मधून काढून मागे बचावात उभं केलं आणि संघाची सूत्रं त्याच्या हाती दिली. १९६९ मध्ये डर्बी वर आला, पहिल्याच वर्षी चौथा आला.

पण इथं हिशेबाच्या वह्यांनी दगा दिला. कारभारातल्या अनियमिततेबद्दल क्लबला १०,००० पौंड दंड झाला आणि युरोपात खेळायची संधी एका वर्षासाठी हुकली. मैदानावर कमावलेलं कार्यालयात गेलं. तरीही १९७२ मध्ये डर्बीने लीग जिंकली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अध्यक्षांशी भांडण विकोपाला गेलं आणि दोघांनी राजीनामे दिले.

पुढं ब्रायटनमध्ये थोडे महिने काढून क्लफ १९७४ मध्ये लीड्सला गेला. टेलर मात्र ब्रायटनलाच राहिला. लीड्स म्हणजे तेव्हाचा लीगविजेता संघ, आणि क्लफने आधी ज्याच्यावर सतत जाहीर टीका केलेली, तोच संघ. खेळाडूंनी त्याला मनापासून स्वीकारलंच नाही. ४४ दिवसांत हकालपट्टी झाली.

चार जागा, चार माणसं

जानेवारी १९७५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने क्लफला बोलावलं. संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तेराव्या जागी होता. हा क्लब कंपनीही नव्हता. सभासदांची एक समिती तो चालवायची. क्लफने डर्बीपासूनचे ओळखीचे जॉन मॅकगव्हर्न आणि जॉन ओ'हेअर आणले, न्यूकॅसलने मोकळा केलेला फ्रँक क्लार्क फुकटात घेतला. पण दीड वर्षात संघ आठव्या जागेच्या पुढं सरकला नाही.

जुलै १९७६ मध्ये टेलर परत आला आणि चित्र बदलू लागलं. त्याने आधी घरातलंच सामान उलथून पाहिलं. जॉन रॉबर्टसन हा सुटलेल्या अंगाचा, सिगारेट ओढणारा, क्लबने विकायला काढलेला खेळाडू. टेलरने त्याला खडसावलं आणि क्लफने डाव्या बगलेवर उभं केलं. मार्टिन ओ'नील, व्हिव अँडरसन, टोनी वुडकॉक हेही क्लफच्या आधीपासून तिथंच होते. बाहेरून लॅरी लॉइड ६०,००० पौंडांत आला, पीटर विथ ४३,००० पौंडांत. आणि लाँग ईटन युनायटेड या जवळच्या हौशी क्लबातून एक कार्पेट बसवणारा पोरगा, गॅरी बर्टल्स, २,००० पौंडांत.

मे १९७७ मध्ये फॉरेस्ट तिसरा आला आणि चौथ्यापेक्षा एकाच गुणाने पुढं राहून वर गेला. अशा संघाकडून लोकांची अपेक्षा एवढीच असते की पुढच्या वर्षी खाली येऊ नये. क्लफ आणि टेलरने मात्र उलट बाजूने विचार केला. संघात कणा कुठं कमी पडतो ते बघायचं आणि पैसा तिथंच घालायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

पहिला केनी बर्न्स, बर्मिंगहॅमकडून, सुमारे दीड लाखात. तो पुढं खेळायचा, भांडखोर म्हणून बदनाम होता, जुगाराच्याही गोष्टी कानावर येत. टेलर गुपचूप कुत्र्यांच्या शर्यती चालायच्या तिथं जाऊन त्याच्यावर नजर ठेवून आला. लोक बोलतात तेवढं काही नाही, अशी खात्री पटल्यावरच सौदा झाला. क्लफने त्याला सेंटर बॅक केलं. त्याच हंगामात फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं.

दुसरा पीटर शिल्टन. स्टोकने १९७४ मध्ये या गोलकीपरसाठी ३,२५,००० पौंड मोजले होते. स्टोक खाली घसरला तसा तो फॉरेस्टला अडीच लाखांच्या आसपास मिळाला. नव्याने वर आलेल्या क्लबने एवढा पैसा गोल करणाऱ्यावर न घालता गोल अडवणाऱ्यावर घालावा, हे अनेकांना पटलं नाही. हंगामाअखेर हिशेब समोर आला: ४२ सामन्यांत फक्त २४ गोल खाल्ले.

तिसरा आर्ची गेमिल. डर्बीला २५,००० पौंड आणि एक गोलकीपर देऊन तो आणला. चौथा डेव्हिड नीडहॅम, लॉइड जखमी झाल्यावर बचावफळीत भगदाड नको म्हणून डिसेंबरात घेतलेला. त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलने एकट्या केनी डॅल्ग्लिशसाठी ४,४०,००० पौंड दिले होते, हे लक्षात घेतलं की फॉरेस्टच्या खर्चाचं माप कळतं.

१९७८ मध्ये फॉरेस्टने लिव्हरपूलला सात गुणांनी मागे टाकून लीग जिंकली. नोव्हेंबर १९७७ ते डिसेंबर १९७८ या काळात लीगचे ४२ सामने ओळीने हा संघ हरला नाही. हा विक्रम २००४ पर्यंत कुणी मोडला नाही.

दहा लाखांचा माणूस

युरोपियन कपच्या पहिल्याच फेरीत गाठ पडली ती गतविजेत्या लिव्हरपूलशी. घरच्या सामन्यात पहिला गोल केला तो २,००० पौंडांच्या बर्टल्सने. लिव्हरपूल बाहेर गेला.

फेब्रुवारी १९७९ मध्ये क्लफने ट्रेव्हर फ्रान्सिसला घेतलं. ब्रिटिश फुटबॉलमधला हा पहिला दहा लाख पौंडांचा सौदा. ३० मे १९७९ रोजी म्युनिकमध्ये माल्मोविरुद्धचा अंतिम सामना हा फ्रान्सिसचा युरोपातला पहिलाच सामना. रॉबर्टसनने डावीकडून चेंडू टाकला, फ्रान्सिसने डोक्याने आत घातला, १-०. म्हणजे कप आला तो दोघांच्या हातून: एक सगळ्यात महागडा, दुसरा कुणालाच नको असलेला. पुढच्या वर्षी माद्रिदमध्ये केव्हिन कीगनच्या हॅम्बुर्गला हरवून फॉरेस्टने कप राखला. गोल रॉबर्टसनचा.

इथून पुढं हाताला लागलेली शिस्त सुटत गेली. गेमिलला म्युनिकच्या सामन्यात बसवून ठेवलं आणि लगेच विकलंही. ही आपली चूक झाली, असं क्लफने नंतर मान्य केलं. बर्टल्सला १९८० मध्ये मँचेस्टर युनायटेडने साडेबारा लाखांना नेलं. दोन हजारांचे साडेबारा लाख, असा धंदा कुणाला जमला नसता! पण मिळालेला पैसा जिरला कुठं? जवळपास तेवढ्याच किमतीला इयन वॉलेस आला, १९८१ मध्ये दहा लाखांना जस्टिन फशानू. शिवाय मैदानावर सुमारे २५ लाख पौंड खर्चून नवा स्टँड उभा राहिला. या महागड्या खेळाडूंची निवड झाली तेव्हा टेलर तिथंच होता, त्यामुळे सगळा दोष एकट्या क्लफवर टाकता येत नाही. पैसा नसताना दोघं दहा वेळा खात्री करायचे, पैसा आल्यावर खात्री कमी झाली.

फशानूच्या बाबतीत प्रश्न फक्त पैशाचा नव्हता. तो समलिंगी आहे असं कळल्यावर क्लफने त्याला अपमानास्पद वागणूक दिली. पोरगा खचला. पुढं तो शेजारच्या नॉट्स काउंटीला दीड लाखात विकला गेला. लाखाचे बारा हजार म्हणतात तसंच झालं, पण त्यात एका माणसाचंही नुकसान झालं. याचाही पश्चात्ताप क्लफने उतारवयात बोलून दाखवला.

तुटलेली जोडी

१९८२ मध्ये टेलर थकून निवृत्त झाला आणि सहा महिन्यांतच डर्बीचा मॅनेजर झाला. १९८३ मध्ये क्लफला काही न कळवता त्याने रॉबर्टसनला डर्बीत नेलं. ज्या रॉबर्टसनला दोघांनी मिळून उभं केलं, त्याच्याच सौद्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, ते कायमचं. नॉटिंगहॅम आणि डर्बी ही गावं जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. तरी सात वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. ४ ऑक्टोबर १९९० रोजी टेलर गेला. क्लफ अंत्यसंस्काराला गेला. नंतर स्वतःचं आत्मचरित्र त्याने टेलरलाच अर्पण केलं.

टेलरशिवायही क्लफने १९८९ आणि १९९० मध्ये लीग कप जिंकला, आयर्लंडच्या छोट्या क्लबातून रॉय कीन ४७,००० पौंडांत आणला. लीग मात्र परत कधी हाती आली नाही. दारू वाढली, प्रकृती ढासळली. १९९२ मध्ये डेस वॉकर आणि टेडी शेरिंगहॅम विकले गेले आणि त्यांच्या जागी तोलामोलाचं कुणी आलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी ज्याने कणा कुठं कमी पडतो ते अचूक बघितलं होतं, त्याच्याच संघाचा कणा निघून गेला. मे १९९३ मध्ये फॉरेस्ट प्रीमियर लीगच्या तळाशी राहून खाली गेला आणि अठरा वर्षांनी क्लफने क्लब सोडला. शेवटच्या घरच्या सामन्यात संघ हरला, खाली गेला, तरी लोक उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. पुढं खेळाडूंच्या सौद्यांतील गैरव्यवहाराचे आरोपही त्याच्यावर झाले. त्याने ते नाकारले, आणि प्रकृतीमुळं कारवाई पुढं गेली नाही.

२००३ मध्ये यकृत बदलावं लागलं. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांत, वयाच्या ६९ व्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला.

नॉटिंगहॅम आणि डर्बीला जोडणाऱ्या रस्त्याला आता क्लफचं नाव आहे. नॉटिंगहॅममध्ये त्याचा पुतळा एकट्याचा आहे. डर्बीच्या मैदानाबाहेर मात्र क्लफ आणि टेलर शेजारी शेजारी उभे आहेत.